कॉलेज न सोडता प्रो कबड्डीत कसं जायचं: शिबिराचं बोलावणं आलेल्या पोरांसाठी

मे २०१९. बी.कॉम.च्या चौथ्या सत्राचा शेवटचा पेपर देऊन मी एसटी स्टँडवर उभा होतो, तेवढ्यात जिमखान्याच्या सरांचा फोन आला. "बॅग भर. शिबिराला बोलावलंय, सोमवारी सकाळी हजर व्हायचं." त्या रात्री आमच्या घरात कुणाचा डोळा लागला नाही. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या मंडळाच्या मातीवर खेळलेला पहिला पोरगा प्रो कबड्डीच्या संघाकडे निघाला होता. आईनं गल्लीभर पेढे वाटले. सोमवारी मी हजर झालो. कॉलेजच्या ऑफिसात मात्र पाऊल टाकलं नाही. अर्ज केला नाही, कुणाला विचारलं नाही, कसली पावती घेतली नाही.

त्या मोसमात मी तीन सामन्यांत बदली खेळाडू म्हणून उतरलो. ऑक्टोबरअखेर गावी परतलो तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची मुदत कधीच उलटून गेली होती. पुढच्या वर्षी कोरोनामुळे लीगच झाली नाही आणि माझा करार तसाच संपला. पुन्हा प्रवेश घ्यायला गेलो तर अभ्यासक्रम बदललेला. जुने दोन पेपर नव्या विषयांशी जुळवून घेण्यासाठी कॉलेज आणि विद्यापीठ यांच्यात सात-आठ खेपा घातल्या. पदवी हातात पडायला २०२२ उजाडलं.

आता मी खेळाडूंच्या आरक्षणातून लागलेली सरकारी नोकरी करतो आणि संध्याकाळी मंडळात पोरांना शिकवतो. दरवर्षी एखादा येऊन विचारतो, "दादा, बोलावणं आलंय, कॉलेज सोडू का?" मी म्हणतो, खेळायला जा. विसाव्या वर्षीची चपळाई पंचविसाव्या वर्षी मागून मिळत नाही. पण कॉलेज सोडून जाऊ नका, थांबवून जा. थांबवणं म्हणजे चार-पाच कागद आणि ऑफिसच्या दोन चकरा. माझ्या हातून ते राहिलं, तुमच्या हातून राहू नये म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय.

१. बोलावणं नेमकं कशाचं आहे ते ओळखा

"निवड झाली" हे आपल्याकडे फार सैलपणे बोललं जातं. गावात बॅनर लागतो, आमदारांच्या हस्ते सत्कार होतो आणि पोरगं प्रत्यक्षात फक्त चाचणीला निघालेलं असतं. या वाटेवर चार वेगवेगळे टप्पे आहेत.

पहिला खुल्या निवड चाचणीचा. शे-दोनशे पोरं, एक-दोन दिवस, वजन, धावणं, मग चढाई-पकडीचे छोटे सामने. यासाठी कॉलेजला दोन दिवसांची दांडी पुरते.

दुसरा शिबिराचा. संघ सरावासाठी नवी पोरं बोलावतो, राहणं-जेवण त्यांचं असतं. पण शिबिरात असणं म्हणजे संघात असणं नव्हे. आमच्या शिबिरात नवे नऊ जण होतो, मोसम सुरू होताना तिघंच उरलो. बाकीचे सहा जण महिन्याभरानं परतीच्या गाडीत बसले. त्यांतल्या दोघांनी निघण्याआधी कॉलेजातून दाखला काढला होता.

तिसरा तरुण खेळाडूच्या कराराचा. याला 'न्यू यंग प्लेअर' किंवा नुसतं 'एनवायपी' म्हणतात. ही भरती लिलावाबाहेर होते, मानधन ठरलेलं असतं आणि संघाला पुढच्या मोसमासाठी तुम्हाला राखून ठेवता येतं. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार याच वाटेनं पुणेरी पलटणमध्ये आला. १ मार्च २०२४ला हैदराबादेत पलटणनं पहिल्यांदा लीग जिंकली तेव्हा तो कर्णधार होता. कॉलेजच्या वयातल्या बहुतेक पोरांचा दरवाजा हाच.

चौथा टप्पा लिलावाचा. अ, ब, क, ड अशा गटांत नावं असतात. अलीकडच्या लिलावांत मूळ किंमत अ गटाला ३० लाख, ब ला २० लाख, क ला १३ लाख आणि ड ला ९ लाख अशी राहिली आहे. यादीत नाव असलं म्हणजे बोली लागतेच असं नाही. कित्येक नावं न विकताच पुढे सरकतात.

जागांचा हिशेब एकदा मनाशी करून बघा. संघ १२, प्रत्येक संघात १८ ते २५ खेळाडू, म्हणजे अख्ख्या देशात जास्तीत जास्त ३०० जागा. त्यात इराणसारख्या देशांतून येणारे खेळाडूही आले. आणि मॅटवर एका वेळी उतरतात सात. बारा साते चौऱ्याऐंशी.

इथे दोन सापळे आहेत. पहिला, पैसे मागणारा माणूस. "अमुक संघाच्या मॅनेजरशी माझी ओळख आहे, पन्नास हजार दे, शिबिरात घालतो," असं कुणी म्हटलं की फोन ठेवा. संघाला तुम्ही हवे असाल तर तिकिटाचे पैसेही तोच देतो. आमच्या तालुक्यात एका घरानं यापायी म्हैस विकली.

दुसरा सापळा मान्यता नसलेल्या लीगचा. राज्य संघटनेची मान्यता नसलेल्या स्पर्धेत उतरलात तर संघटना कारवाई करू शकते, जिल्ह्याच्या संघातूनही नाव जाऊ शकतं आणि तिथल्या प्रमाणपत्राचा नोकरीला उपयोग होत नाही. मैदानात उतरण्याआधी जिल्हा संघटनेच्या सचिवांना फोन करून विचारा.

२. आकडा ऐकून नाही, वर्षाचा हिशेब करून ठरवा

चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८मध्ये यू मुंबाकडून ३६ लाख ४० हजारांना खेळला आणि २०१९च्या लिलावात तेलुगू टायटन्सनं त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. आम्ही सगळे तेव्हा मोबाईलवर तो लिलाव डोळे फाडून बघत होतो. त्या रात्री आमच्या मंडळातल्या प्रत्येकाला आपणही चढाईपटू आहोत याचा अभिमान वाटला असेल. पण निर्णय घेताना तो आकडा बाजूला ठेवा. तुमच्यासमोर जो करार आहे त्यातला आकडा घ्या.

समजा, ड गटात मूळ किमतीला घेतलं, ९ लाख. खेळाडूच्या मानधनातून साधारण १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो, म्हणजे ९० हजार तिथेच गेले. एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल तर विवरणपत्र भरून ते परत मिळतात, पण भरलं तरच. माझ्याबरोबरच्या कितीतरी जणांनी भरलंच नाही. मध्ये एजंट असेल तर त्याचा वाटा वेगळा. उरलेले पैसे एकरकमी येत नाहीत, हप्त्यांनी येतात. तरुण खेळाडूच्या करारात आकडा याहून लहान धरूनच चाला.

मग विचारा, हे पैसे किती महिने पुरवायचे आहेत? लीग दोन-तीन महिन्यांची, आधीचं शिबिर महिना-दोन महिन्यांचं. उरलेलं वर्ष दूध, अंडी, सुकामेवा, जिम, फिजिओ, बूट हे सगळं आपल्या खिशातून. कोरोनाच्या वेळी काय झालं ते लक्षात ठेवा. १९ ऑक्टोबर २०१९ला सातवा मोसम संपला आणि आठवा सुरू झाला २२ डिसेंबर २०२१ला. दोन वर्षांहून जास्त काळ लीगचा रुपया नाही. बँकेत, पोलिसांत, रेल्वेत, कंपन्यांच्या संघांत नोकरीला असलेल्या खेळाडूंचा पगार त्या काळात चालू होता. आम्ही बिननोकरीची, बिनपदवीची पोरं शेतावर गेलो.

३. कॉलेजच्या ऑफिसात जा (हा टप्पा चुकवू नकाच)

सगळ्यात आधी एक गोष्ट पाठ करा: दाखला काढायचा नाही. टीसी, लिव्हिंग, काहीही म्हणा, तो काढला की कॉलेजच्या पटावरून नाव गेलं. पटावर नाव नाही म्हणजे विद्यापीठाच्या संघात खेळता येत नाही, वेस्ट झोन आणि ऑल इंडिया या दोन्ही आंतरविद्यापीठ स्पर्धा गेल्या, खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धाही गेली. आंतरविद्यापीठ स्पर्धेला पूर्णवेळ नियमित विद्यार्थीच चालतो आणि तिथेही २५ वर्षांची मर्यादा आहे.

आता वेळापत्रकाकडे या. लीग दरवर्षी ठरलेल्या महिन्यात असती तर प्रश्न सोपा होता. पण २०१९चा मोसम जुलै ते ऑक्टोबर, २०२२चा ऑक्टोबर ते डिसेंबर, २०२३चा डिसेंबर ते पुढच्या वर्षीचा १ मार्च, २०२४चा पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर आणि २०२५चा ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरअखेर. बहुतेक वेळा हिवाळी सत्राच्या परीक्षा त्यात नाहीतर त्याच्या काठावर येतात. उन्हाळी सत्र बऱ्याचदा मोकळं सापडतं. म्हणून अख्ख्या वर्षाचा विचार करण्यापेक्षा सत्रासत्राचा विचार करा. बुडतं ते बहुधा एक सत्र, आपण मात्र घाबरून अख्खं शिक्षण सोडतो.

तुमच्यासमोर तीन वाटा असतात.

पहिली, प्रवेश कायम ठेवून जाणं. माझ्या मते बहुतेकांसाठी हीच बरी. जून-जुलैत प्रवेश घ्या, फी भरा, पावती ठेवा. मग प्राचार्यांच्या नावे साधा मराठी अर्ज लिहा: मी अमुक वर्गाचा विद्यार्थी, अमुक संघाच्या सराव शिबिरासाठी व स्पर्धेसाठी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत बाहेरगावी असेन, हजेरीत सवलत मिळावी व अंतर्गत मूल्यमापनासाठी पर्यायी संधी मिळावी. सोबत संघाचं पत्र जोडा. दोन प्रती काढा आणि एका प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का मारून घ्या. "राहू दे रे, मी सांगतो सरांना," असं कुणी प्रेमानं म्हटलं तरी शिक्का घ्याच. सर बदलून जातात, प्राचार्य निवृत्त होतात, पण शिक्का मारलेली प्रत तुमच्याकडे राहते.

हजेरीचा नियम ७५ टक्क्यांचा. विद्यापीठाकडून किंवा राज्याकडून खेळताना बुडालेले दिवस सहसा धरून दिले जातात, फ्रँचायझीसाठी, म्हणजे लीगच्या संघासाठी, खेळलेले दिवस धरायचे की नाही हे कॉलेजच्या हातात असतं. म्हणून आधी विचारायचं. आपल्या ग्रामीण कॉलेजांत एखादा पोरगा टीव्हीवर दिसतो याचं सगळ्यांना कौतुक असतं, वेळेवर आणि नम्रपणे विचारलं तर बहुतेक ठिकाणी मार्ग निघतो. परीक्षा संपल्यावर तोंड घेऊन गेलं तर निघत नाही.

आणि परीक्षेचा फॉर्म भराच, पेपर द्यायला जमणार नसलं तरीही. बहुतेक विद्यापीठांत फॉर्म भरून पेपर बुडाला तर 'गैरहजर' लागतं आणि तो विषय एटीकेटीत, म्हणजे पुढच्या वर्गात जाऊन नंतर पेपर देऊन, निघतो. फॉर्मच भरला नाही तर सत्रच बुडाल्यात जमा होतं. फॉर्मची तारीख तुम्हाला शिबिरात कुणी सांगणार नाही. वर्गातल्या एका भरवशाच्या मित्राला हे काम सोपवा, त्याला पीआरएन नंबर (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), लॉगिन आणि फीचे पैसे देऊन ठेवा.

दुसरी वाट, रीतसर थांबण्याची. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. त्यासाठी ठरलेले क्रेडिट, म्हणजे विषय पुरे केल्याचे श्रेयांक, आणि वर चार क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. तीन वर्षांच्या आत परत यायचं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची, अशी मुदत आहे. तुमचे क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या खात्यात जमा राहतात. निघण्याआधी डिजीलॉकरमध्ये जाऊन आपलं खातं उघडलंय का आणि मागच्या सत्रांचे क्रेडिट खरोखर दिसतात का ते बघा. दिसत नसतील तर कॉलेजच्या परीक्षा विभागात आत्ताच सांगा. माझ्या वेळी ही सोय नव्हती, असती तर माझ्या त्या सात-आठ खेपा वाचल्या असत्या.

तिसरी, मुक्त विद्यापीठ. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पदवी नोकरीला चालते, तिथे रोजच्या हजेरीची कटकट नाही. पण मुक्त विद्यापीठात गेलात की आंतरविद्यापीठ स्पर्धा बंद. ऑल इंडिया खेळायची उमेद आणि वय दोन्ही असेल तर घाईनं ही वाट धरू नका. लीगमध्ये पाय रोवला, दोन मोसम झाले आणि विद्यापीठाकडून खेळायचं उरलं नाही, की मग ती उत्तम.

४. करार वाचा, समजून घ्या, मगच सही

माझी सही हॉटेलच्या लॉबीत रात्री साडेनऊला झाली. इंग्रजीतली वीस-बावीस पानं. मॅनेजर पानं उलटत गेले, जिथे पेन्सिलची खूण होती तिथे मी सही करत गेलो. वाचलं एकही पान नाही, प्रत मागितली नाही. नंतर वर्षभर माझ्या कराराची प्रत माझ्याकडे नव्हती.

तुम्ही म्हणा, "सर, मला घरी दाखवायचंय, दोन दिवस द्या." या वाक्यानं कुणाचा करार जात नाही. मसुदा पीडीएफमध्ये मागवा आणि तालुक्याच्या वकिलाला दाखवा. हजार-दोन हजार जातील. वय १८ पूर्ण नसेल तर तुमच्या सहीला कायद्यात अर्थ नाही, तेव्हा वडिलांशिवाय कागदाला हातच लावू नका.

वकिलाला हे मुद्दे विचारा. करार किती मोसमांचा आणि पुढचा मोसम ठरवण्याचा अधिकार कुणाचा, फक्त संघाचा की तुमचाही? हप्ते कोणत्या तारखांना? मोसम रद्द झाला तर काय? संघानं मध्येच सोडलं तर उरलेलं मानधन मिळतं का? जिल्हा, राज्य अजिंक्यपद किंवा विद्यापीठाच्या स्पर्धेसाठी सोडतात का? परीक्षेच्या दिवसांची रजा लेखी मिळेल का? हा शेवटचा मुद्दा आपण विचारतच नाही. शिबिराच्या काळात दोन दिवस पेपरला जाऊ देणं संघाला फार जड नसतं, पण ते आधी लिहून घेतलेलं असावं लागतं.

आणि दुखापत. इथे थांबून नीट वाचा. माझ्या खोलीत रत्नागिरीकडचा एक पोरगा होता, डावा कोपरा खेळायचा. काय पकडी होत्या त्याच्या! घोट्यात हात घातला की समोरचा सुटायचा नाही. सरावाच्या सामन्यात चढाईपटूला मागे खेचताना त्याचा गुडघा आत वळला. मी दोन हातांवर होतो, तो आवाज मला ऐकू आला. लिगामेंट तुटलं होतं. त्याच्या करारात उपचाराचा खर्च अधिकृत सामन्यातल्या दुखापतीपुरता होता, सरावातल्या दुखापतीचा उल्लेख नव्हता. संघानं सुरुवातीच्या तपासण्या केल्या, शस्त्रक्रियेचा खर्च घरच्यांनी उचलला. अशा शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला नऊ महिने ते वर्ष जातं. तोवर त्याचा करार संपला होता.

म्हणून करारात स्पष्ट शब्द हवेत: सराव, सामना आणि प्रवास तिन्हींतल्या दुखापतीचा खर्च कोण करणार, शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामोपचाराचा कोण करणार, करार संपल्यावरही तो चालू राहील का, आणि दुखापतीच्या काळात मानधन मिळेल का. संघाचा विमा असला तरी स्वतःचा आरोग्य विमा आणि अपघात विमा काढून ठेवा. विमा काढताना खेळातली दुखापत त्यात धरली आहे का, हे विचारायला विसरू नका.

सही झाली की सगळ्या पानांची प्रत त्याच दिवशी घ्या. मोबाईलमध्ये फोटो काढून घरच्यांना पाठवा.

५. नोकरीच्या वयाचं गणित आत्ताच करा

हे लिहिताना मला सगळ्यात कळकळ वाटते. कबड्डीपटूच्या घराला शेवटी आधार देते ती नोकरी, आणि नोकरीच्या दारात पदवी आणि वय दोन्ही विचारतात.

रेल्वेची खेळाडू भरती घ्या. वय १८ ते २५, त्यात सवलत नाही. लेव्हल म्हणजे पगाराची पायरी. लेव्हल १ला दहावी चालते, लेव्हल २ आणि ३ला बारावी चालते, पण लेव्हल ४ आणि ५ला पदवी लागते. म्हणजे एकच खेळाडू, तीच प्रमाणपत्रं, आणि पदवी नसल्यामुळे दोन पायऱ्या खाली. मी २०२२मध्ये पदवीधर झालो तेव्हा तेविशी ओलांडली होती. वरच्या लेव्हलसाठी अर्ज करायला दोनच भरत्या सापडल्या.

राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, १ जुलै २०१६च्या शासन निर्णयात त्याचे निकष दिले आहेत. वयात ५ वर्षांची सवलत मिळते, शिक्षणात मिळत नाही. पदाला पदवी लागत असेल तर खेळाडूलाही लागतेच. पोलीस शिपायाला बारावी चालते, फौजदार व्हायचं तर पदवी हवी. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतली प्रशिक्षणाची पदविका असो की बी.पी.एड., तिथेही सहसा आधी पदवी मागतात.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्रांची. सरकारी भरतीत राज्य, राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय अधिकृत स्पर्धांचं प्रमाणपत्र चालतं. लीगमध्ये खेळल्याचं प्रशस्तिपत्र त्यासाठी चालेल असं धरू नका. लीगच्या नादात राज्य अजिंक्यपद आणि कुमार गटाची राष्ट्रीय स्पर्धा सोडणारी पोरं मी पाहिली आहेत. टीव्हीवर दिसली, पण अर्जाला जोडायला कागद नव्हता. कुमार गटाची वयोमर्यादा २० वर्षांची आहे, एकदा ओलांडली की ती संधी कायमची गेली.

हाती असलेल्या प्रमाणपत्रांची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयाकडून वेळीच करून घ्या. जाहिरात निघाल्यावर धावपळ करू नका. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीला आल्यापासून तिथे स्पर्धेचा अहवाल, संघाची यादी, नावाचं स्पेलिंग सगळं तपासतात. आधार, दहावीचं गुणपत्रक आणि क्रीडा प्रमाणपत्र यांवरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं ठेवा. माझ्या एका प्रमाणपत्रावर वडिलांच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं, ते दुरुस्त व्हायला चार महिने लागले.

मुलींसाठी वेगळं सांगायला हवं. २०१६मध्ये तीन संघांची महिला कबड्डी चॅलेंज झाली, त्यानंतर पुरुषांच्या लीगसारखी मोठी, दरवर्षी होणारी लीग मुलींना अजून मिळालेली नाही. आपल्या मुलींच्या खेळाला खरा आधार रेल्वे, पोलीस आणि बँकांच्या संघांनी दिला. म्हणून कुणी लीगच्या नावाखाली मुलीला कॉलेज सोडायला सांगत असेल तर मी स्पष्ट नाही म्हणेन. पदवी, राष्ट्रीय स्पर्धा आणि पंचविशीच्या आत नोकरीचे अर्ज, हा क्रम धरा.

६. पावडर आणि गोळ्या

शिबिरात कुणीतरी डबा पुढे करतो, "घे, अंगात ताकद येते." घेऊ नका. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे नाडा, लीगपासून विद्यापीठ स्पर्धेपर्यंत कुठेही नमुना घेऊ शकते आणि दोषी ठरलात तर चार वर्षांपर्यंत बंदी येते. "मला माहीत नव्हतं" हे उत्तर चालत नाही. बंदी असलेल्या पदार्थांची यादी दरवर्षी १ जानेवारीपासून नवी लागू होते. सर्दी-खोकल्याचं औषध घेतानाही डॉक्टरांना आपण खेळाडू असल्याचं सांगा आणि चिठ्ठी जपून ठेवा.

७. मग जायचं की नाही?

मंडळातल्या पोरांना मी असं सांगतो. नुसतं शिबिराचं बोलावणं असेल तर रजा टाकून जा, बाकी काही हलवू नका. पहिल्या वर्षात असाल आणि लेखी करार हातात असेल तर प्रवेश कायम ठेवून जा, वर्षअखेर पुन्हा बसून ठरवा. दुसऱ्या वर्षाला करार आला तर नक्की जा, ही उत्तम वेळ आहे. पाठीशी निम्मी पदवी असते आणि वय हाताशी असतं. तिसऱ्या वर्षाचं शेवटचं सत्र उरलं असेल तर संघाशी बोला, परीक्षेपुरती सूट मागा. ते ठाम नकार देत असतील तरच एटीकेटीचा धोका पत्करा.

एक मोसम बाकावर बसून काढला, तर दुसऱ्याला जाण्याआधी प्रशिक्षकांना समोरासमोर विचारा: "सर, माझी जागा कितवी?" मला हे विचारायचा धीर झाला नव्हता. विचारलं असतं तर खरं उत्तर मिळालं असतं, ते प्रशिक्षक सरळ मनाचे होते.

आणि घरच्यांना खरं सांगा. किती महिने जाणार, किती पैसे येणार, परीक्षा कशी देणार. वडिलांचा विरोध बऱ्याचदा खेळाला नसतो, पुढचं काहीच कळत नाही याला असतो. कागद समोर ठेवले की आवाज खाली येतो.

८. निघण्याआधी ही फाईल तयार ठेवा

कॉलेजची: चालू वर्षाची प्रवेशपावती, बोनाफाईड, आधीच्या सर्व सत्रांची गुणपत्रकं, प्राचार्यांकडच्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत, पीआरएन नंबर, क्रेडिट खात्याचा क्रमांक.

खेळाची: जिल्हा, राज्य, राष्ट्रीय आणि विद्यापीठ स्पर्धांची मूळ प्रमाणपत्रं घरी कपाटात, स्कॅन प्रती मोबाईलमध्ये आणि ईमेलवर. मूळ प्रमाणपत्र कुणाच्याही हवाली करायचं नाही, एजंटच्या तर नाहीच.

पैशाची आणि ओळखीची: पॅन, आधार, दहावीचं गुणपत्रक, स्वतःच्या नावाचं बँक खातं, विम्याची कागदपत्रं, कराराची पूर्ण प्रत. परदेशात खेळण्याची संधी अचानक येते, तेव्हा पासपोर्टही काढून ठेवा.

वैद्यकीय: रक्तगट, जुन्या दुखापतींचे एमआरआय आणि अहवाल. शिबिराला निघण्याआधी दोन्ही गुडघे आणि खांदे एकदा तपासून अहवाल घेऊन ठेवा. पुढे कुणी "ही दुखापत जुनीच होती" म्हणालं तर तोच कागद कामाला येतो.

यंदा आमच्या मंडळातला एक पोरगा गेला, उजवा मध्यरक्षक, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. जायच्या आदल्या दिवशी त्याला घेऊन मी त्याच्या कॉलेजात गेलो. खिडकीपलीकडच्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "परीक्षेचे फॉर्म दिवाळीच्या आधी निघतील, याच नंबरवर फोन कर." त्यानं तो नंबर मोबाईलमध्ये घेतला, वर फाईलच्या आतल्या बाजूला पेनानंही लिहून ठेवला.